सवतीमत्सर, संशय आणि संमती

नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली म्हणजे पत्नीला जे वाटते त्यासाठी मराठीने एक खास जोडशब्द घडवला आहे : सवतीमत्सर. पत्नीच्या आयुष्यात दुसरा पुरुष आला म्हणजे पतीला जे वाटते त्यासाठी असा शब्द नाही. तिथे आपण 'संशय' म्हणतो. नवरा संशयी असतो, संशयाने पछाडलेला असतो, संशयापायी घराची धूळधाण करतो. पण तो मत्सरी आहे असे सहसा कोणी म्हणत नाही. हा भेद केवळ शब्दकोशापुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. मत्सर षड्रिपूंत मोडतो. तो ज्याच्या मनात उपजतो त्याचाच दोष ठरतो, आणि सवत डोळ्यांदेखत घरात नांदत असली तरी तो दोषच राहतो. संशय ही मात्र ज्ञानाची अडचण आहे. गोष्ट खरी की खोटी एवढाच तिथे प्रश्न. खरी निघाली तर संशय संपला आणि त्याच्या जागी न्याय्य संताप आला. म्हणजे पुरुषाचा हक्क भाषेने आधीच मान्य केलेला आहे, वस्तुस्थितीची खातरजमा तेवढी व्हायची आहे. स्त्रीच्या बाबतीत वस्तुस्थिती उघड असते. हक्काचा पत्ता नसतो.

देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये (१९१६) फाल्गुनरावाइतकाच कृत्तिकेलाही संशय येतो, हे इथे आठवावे. मोलिएरपासून निघून इंग्रजीमार्गे मराठीत आलेल्या या प्रहसनात नवराबायको सारख्याच उत्साहाने एकमेकांवर पाळत ठेवतात. प्रेक्षक निर्धास्त हसतो ते या समतेमुळे, आणि कोणाचाच संशय खरा नाही हे त्याला ठाऊक असते म्हणून. कृत्तिकेचा संशय खरा निघता तर? १९१६ साली हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्यास कायद्याची कसलीच आडकाठी नव्हती. मग कृत्तिकेच्या भावनेचे नाव त्याच क्षणी बदलले असते. तिला संशय उरला नसता, सवतीमत्सर जडला असता, आणि प्रहसन तिथेच बंद पडले असते.

एकनिष्ठता आणि तिचे पर्याय यांविषयी आता आपल्याकडेही बोलले जाऊ लागले आहे, म्हणून हे सुचले. दोन्ही बाजूंना ठाऊक असताना, दोघांच्या संमतीने, एकाहून अधिक व्यक्तींशी प्रेमाचे किंवा शरीराचे नाते ठेवणे, याला आम्ही या लेखापुरते 'संमतीची बहुनिष्ठा' म्हणतो. पॉलिअ‍ॅमरी हा शब्द १९९० च्या आसपास अमेरिकेत रूढ होऊ लागला; डॉसी ईस्टन आणि जॅनेट हार्डी यांचे 'दि एथिकल स्लट' १९९७ चे. त्यानंतर मानसशास्त्रज्ञांनी हा विषय गांभीर्याने हाती घेतला. डेव्हिड बस यांनी १९९२ साली मांडले होते की पुरुषांना जोडीदाराचा शरीरसंबंध अधिक जाळतो आणि स्त्रियांना त्याची भावनिक गुंतवणूक. मत्सराची मुळे त्यांनी उत्क्रांतीत शोधली, आणि त्यावर अजून वाद चालू आहे. एकट्या राहणाऱ्या अमेरिकनांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचांपैकी एकाहून थोड्या अधिक जणांनी आयुष्यात कधी ना कधी असे संमतीचे बहुसंबंध ठेवल्याचे सांगितले. २०२५ साली पस्तीस अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एकनिष्ठ आणि बहुनिष्ठ यांच्या समाधानात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे निष्कर्ष खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. एकनिष्ठ माणूसच सुखी असतो या समजुतीला त्यांनी धक्का दिला हे चांगलेच झाले. पण प्रश्नावली भरणारे कोण असतात? बहुधा पाश्चात्त्य, बहुधा शिकलेले, आणि स्वतःहून पुढे आलेले. ज्यांचा प्रयोग फसला ते त्या रकान्यात राहिलेलेच नसतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना विचारले जाते : तुम्ही समाधानी आहात का? तुम्ही नाही म्हणाला असतात तर आज कुठे राहिला असतात, असे या पाहण्यांत सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते या विषयाचे सारे मानसशास्त्र त्या दुसऱ्या प्रश्नाखाली दडलेले आहे.

जोडीदाराला दुसऱ्याकडून मिळणाऱ्या सुखाने आपल्यालाही आनंद व्हावा, यासाठी या मंडळींनी 'कंपर्शन' असा एक शब्द घडवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या केरिस्टा या सहनिवासातून तो आला. काहीजण त्याला आपली 'मुदिता' जोडतात. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी योगसूत्रांत आहे, बौद्ध परंपरेतही आहे. शब्द सुंदर आहे खरा. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की मुदितेची साधना ज्यांना सांगितली त्यांनी बहुधा घर आधीच सोडलेले होते.

'संमती'कडे वळू. हा शब्द आपल्याकडे नवा आहे अशी समजूत दिसते. तो नवा नाही. आपल्या फौजदारी कायद्यात तो १८६० पासून होता. भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ परस्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून किंवा मूक अनुमतीवाचून ठेवलेल्या संबंधाला व्यभिचार ठरवीत असे. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात हा गुन्हाच नव्हता. तो नंतर घातला गेला. त्या स्त्रीला शिक्षा नव्हती, हे कलमाचे औदार्य म्हणून सांगितले जाई. पण तिची संमती विचारातच नव्हती, आणि व्यभिचारी पुरुषाच्या पत्नीला तर तक्रारीचीही जागा नव्हती. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे आपल्या कायद्यात एक प्रकारची संमतीची बहुनिष्ठा होतीच. संमती मात्र नवऱ्याची.

दुसऱ्या प्रकारची संमती नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चांगली परिचित आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त विदर्भाची राजकन्या मालविका दासी म्हणून राणी धारिणीच्या पदरी असते. राजाचे मन तिच्यावर जाते. धारिणी तिला कोंडून ठेवते, धाकटी राणी इरावती संतापाने थयथयाट करते, विदूषक कारस्थाने रचतो. शेवटी अशोक फुलतो, धारिणीच्या मुलाच्या विजयाची वार्ता येते, दासी ही राजकन्या असल्याचे उघड होते, आणि धारिणी स्वतःच्या हाताने मालविकेला राजाच्या हाती देते. 'रत्नावली'त वासवदत्तेच्या वाट्याला हेच येते. ज्येष्ठ राणीची संमती हा या नाटकांचा समारोप. त्यावाचून पडदा पडत नाही.

धारिणीचे मन मोठे झाले असे वर्गात सांगितले जाते. आम्ही ते वेगळे वाचतो. धारिणी ज्या क्षणी हो म्हणते त्या क्षणी तिच्या नकाराला काही मोल उरलेले नाही. मालविका आता दासी नाही, तेव्हा कोंडता येत नाही. राजाची इच्छा दरबारात सर्वांना कळली आहे. मात्र तिचा मुलगा विजयी झाल्यामुळे वारसाची माता म्हणून तिची जागा पक्की झाली आहे. ती नेमक्या त्या घडीला औदार्य दाखवते. हा तिचा शहाणपणा आहे, आणि कालिदासाने तो पुरेपूर ओळखला आहे. इरावती मात्र निपुत्रिक, धाकटी, आणि आता तिसरी आल्यावर कुठलीच नाही. नाटकाच्या शेवटी तिच्या मनात काय आहे याची विचारपूस कोणी फारशी करीत नाही. 'होकार' हा शब्द दोघींसाठी एकच असेल, पण त्याची किंमत दोघींसाठी वेगळी आहे.

एकपत्नीव्रत ही आपली संस्कृती, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. रामाचे एकपत्नीत्व 'व्रत' ठरले, ते तीन राण्यांच्या घरात तो वाढला म्हणून. जे सर्वांनी पाळायचे असते त्याला व्रत म्हणत नाहीत. हिंदू पुरुषावर एकपत्नीत्व कायद्याने आले ते आपल्याकडे १९४६ साली, मुंबई प्रांताच्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्याने. त्याला आव्हान दिले गेले तेव्हा, पुत्रप्राप्तीसाठी दुसरा विवाह हा धर्माचाच भाग आहे, असा युक्तिवाद झाला. १९५१ साली नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो मानला नाही. पुत्र हवा तर दत्तकाची सोय याच धर्मात आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. म्हणजे आपली सनातन एकनिष्ठता अजून शंभरीच्याही आत आहे.

आणि ती सर्वांची नाही. १९५५ च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात म्हटले आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्यावाचून हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होणार नाही. तेव्हा द्विभार्येच्या कायद्याची हद्द पाहायची तर कुठे दूर जायला नको. पुण्याहून मंचर, मंचरहून घोडेगाव, आणि घोडेगावच्या पुढे डिंभे. घोड नदीवरचे, कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. जलाशयाला याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते गाव या पाण्याखाली आहे. पाण्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरांपर्यंत, महादेव कोळ्यांची वस्ती. ठाकर आणि कातकरीही आहेत. घुर्यांनी १९५७ साली महादेव कोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी, १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात, अनेक जातींच्या वर्णनाच्या शेवटी एक ठरावीक नोंद येते : विधवाविवाह होतो, बहुपत्नीत्व आहे, बहुपतित्व ठाऊक नाही. तीन गोष्टी एका दमात सांगून तो साहेब पुढच्या जातीकडे वळतो.

त्या तीन गोष्टी सावकाश वाचल्या पाहिजेत. पुरुषाला एकाच वेळी दोन बायका चालतात. स्त्रीला एकाच वेळी दोन नवरे चालत नाहीत. पण एकामागून एक चालतात. अनेक कष्टकरी जातीजमातींप्रमाणे इथेही पाट लावण्याची रीत होती, आणि नांदायचे नसेल तर काडीमोड होता. पंचांसमोर काडी मोडली की नाते मोडले; नव्या नवऱ्याने जुन्याचे देज फेडायचे. (देजामुळे स्त्री ही विकत घेतलेली वस्तू ठरते, असे सुधारकांनी पुष्कळ लिहिले. पण हुंड्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या सुनेला पाठीमागे काय उरते, तेही त्यांनी मोजायला हवे होते.) हे सारे आदर्श होते असे आमचे म्हणणे नाही. मूल होत नाही, भाताच्या खाचरांवर हात कमी पडतात, अशा कारणांनी दुसरी आणली जाई तेव्हा पहिलीची संमती हा उपचारच असणार. पण पहिलीला दार मोकळे होते. ती नाही म्हणू शकत होती, कारण तिला जाता येत होते. पांढरपेशा घरातल्या तिच्या समकालीन बाईला सवत आली तर माहेरीही जागा नव्हती आणि दुसऱ्या घरीही नाही. पातिव्रत्याने तिच्याकडून जी निष्ठा घेतली तिला संमती म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान आहे.

परवानगी आहे म्हणजे प्रघात आहे असे मात्र समजू नये. मर्डॉकच्या मानववंशशास्त्रीय सारणीत हजाराहून अधिक समाजांपैकी बहुसंख्यांनी बहुपत्नीत्वाला मान्यता दिलेली दिसते. तरीही त्या समाजांतली बहुतेक घरे एका नवऱ्याची आणि एका बायकोचीच असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचे सांगणाऱ्या विवाहितांचे प्रमाण देशात दीड टक्क्याच्या आत होते, अनुसूचित जमातींत अडीच टक्क्यांच्या आसपास. आदिवासी म्हणजे स्वैर, ही शहरी कल्पना आपल्या कथाकादंबऱ्यांनी पोसली. तिला आकड्यांचा आधार नाही.

धरणाने यात काय केले? काडीमोड चालतो तो माहेर असेल तर. परतून जायचे ते गाव, ती खाचरे, तो भावाचा उंबरा पाण्याखाली गेला, कुटुंबे विखुरली, उरलेल्यांना पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर आणि डोंगराच्या उतारावर पडकईने नवी खाचरे पाडून पोट भरावे लागले, की रूढीतला काडीमोड तसाच राहिला तरी त्याचा आधार गेला. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो, आणि तिथे बाईचे नाव अपवादानेच असते. नाही म्हणण्याची किंमत अशा रीतीने वाढते. पंचांना, न्यायालयांना किंवा मानसशास्त्रज्ञांना विचारून ती वाढत नाही. आणि न्यायालयात गेले तर? २००१ साली सूरजमणी स्टेला कुजूर या आदिवासी पत्नीने नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध दाद मागितली होती. आपल्या जमातीची रूढी एकपत्नीत्वाची आहे असे तिचे म्हणणे होते. दुसरे लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी सिद्ध झाली नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार फेटाळली. रूढी जपण्यासाठी दिलेली सूट होती. ती तिच्या विरोधात गेली. तेवढ्यावरून सूट काढून घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही, कारण तिच्याबरोबर काडीमोडही जाईल आणि त्याच्या जागी कौटुंबिक न्यायालयातल्या तारखा येतील.

या मुलखातल्या बायकांनी स्वतः काय म्हटले, याचा पुरावा मराठीत आहे आणि साहित्याचे अभ्यासक त्याच्याकडे अजूनही कमीच वळतात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या 'पारी'च्या माध्यमातून सर्वांसाठी खुल्या होत आहेत. त्यांत सवतीच्या ओव्याही आहेत. या ओव्या वाचताना आम्हांस एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते : राग निघतो तो सवतीवर. जो तिला घेऊन आला तो जवळजवळ निसटून जातो. बायकाच बायकांच्या वैरी, हा यावरून काढला जाणारा सोपा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. नवऱ्यावर राग धरणे परवडत नाही, म्हणून तो जिथे परवडतो तिथे काढला जातो. पहाटे अंधारात, पुरुष झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीत तो काढला जातो हेही विसरू नये. सवतीमत्सर हा शब्द घडवणाऱ्या भाषेने या रागाचे फक्त टोक पाहिले. मानसशास्त्राच्या परिभाषेत याला भावनेचे विस्थापन म्हणतील. प्रश्नावलीत या बायकांनी कदाचित 'समाधानी' या रकान्यात खूणही केली असती.

मत्सर नैसर्गिक नाही, तो मालकीतून उपजतो, असे मराठीत सर्वांत निर्भयपणे सांगितले ते र. धों. कर्वे यांनी. 'समाजस्वास्थ्य' १९२७ च्या जुलैत निघाले आणि १९५३ साली ते वारले तोवर चालले. १९३१ साली 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. रोग टाळावा, नको असलेली संतती टाळावी, आणि दोघांची इच्छा असावी. एवढे असेल तर संबंधात अनीती कसली, असा कर्व्यांच्या विवेचनाचा रोख होता. आजच्या पॉलिअ‍ॅमरीच्या पुस्तकांत याहून फारसे वेगळे काही नाही, आणि ही पुस्तके साठ-सत्तर वर्षे उशिरा आली. कर्व्यांचे मोठेपण असे की स्त्री स्वतःच्या पायावर उभी राहिल्याखेरीज तिच्या इच्छेला अर्थ नाही, हे त्यांना कळले होते. त्यांची उणीव मात्र गणिताच्या प्राध्यापकाची आहे. मालकी वजा केली की मत्सर शून्य होतो, असे त्यांनी धरून चालले. ते प्रमेय होते; सिद्धता कोणी दिली नव्हती.

१९३४ सालीच विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' आली. नवऱ्याने टाकलेली स्त्री विवाहाबाहेर नाते जोडते, ते तिच्या बाजूने मांडणारी ती कादंबरी. गदारोळ झाला. पण कर्व्यांच्या प्रमेयाची खरी तपासणी व्हायला आणखी पन्नास वर्षे लागली, आणि ती त्यांच्याच घरात झाली. गौरी देशपांडे या इरावती आणि दिनकर कर्वे यांच्या कन्या, र. धों. त्यांचे सावत्र काका. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या दीर्घकथा, 'तेरुओ' असो वा 'थांग', विवाहित स्त्रीला दुसरा पुरुष आवडणे हा अपराध म्हणून सांगत नाहीत. तिला कथानकाकडून शिक्षा मिळत नाही. ती विष घेत नाही, पश्चात्तापाने झुरत नाही, तिचे मूल मरत नाही. मराठी कथेला हे नवीन होते.

गौरीबाईंच्या नायिका उच्चभ्रू, इंग्रजी बोलणाऱ्या, विमानाने फिरणाऱ्या आहेत, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला, आणि तो खरा आहे. पण त्यावरून त्या निरुपयोगी ठरतात असे मानणे आम्हांला चुकीचे वाटते. प्रयोगशाळेत एक घटक वेगळा काढून पाहतात तसे इथे झाले आहे. या बायकांना नाही म्हणायला काही पडत नाही. त्यांना शिक्षण आहे, पैसा आहे, पासपोर्ट आहे, राहायला दुसरी जागा आहे. मालकी जवळजवळ वजा झाली आहे. मग काय उरते? कर्व्यांच्या हिशोबाने काही उरायला नको. गौरीबाईंच्या पानांवर पुष्कळ उरते. हेवा उरतो, एकटेपण उरते, समोरच्याच्या आयुष्यात आपण नेमक्या कुठे आहोत ही न सुटणारी चिंता उरते, वय वाढत जाणे उरते. ज्याला 'मुक्ती' म्हणून समीक्षकांनी एकतर गौरवले किंवा झोडपले, तिच्या पोटात हा एवढा अवघड ऐवज आहे आणि त्याकडे कमीच लक्ष गेले. आमच्या मते काकांच्या प्रमेयाला पुतणीने दिलेले ते उत्तर आहे. मत्सराचा काही भाग मालकीचा असतो आणि तो मालकीबरोबर जातोही. बाकीचा जात नाही, आणि तेवढाच मानसशास्त्राचा म्हणून खरा अभ्यासविषय आहे. डिंभ्याच्या वरच्या गावातल्या बाईच्या बाबतीत हे दोन भाग वेगळे करताच येत नाहीत. तिचा मत्सर खाचराविषयी किती, नवऱ्याविषयी किती, हे तिलाही सांगता येणार नाही. आणि अमेरिकेतल्या प्रश्नावलीने तर नाहीच नाही.

घोडेगाव-मंचर-जुन्नरच्या महाविद्यालयांत मराठीच्या वर्गात गौरी देशपांडे शिकवल्या जातात तेव्हा बाकावर महादेव कोळी मुलीही असतात. घोडेगावच्या वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या. त्यांना 'तेरुओ' परकी वाटते, असे शिक्षक सांगतात, आणि मग 'स्त्रीवादी जाणीव' या मथळ्याखाली चार मुद्दे लिहून देतात. त्याऐवजी त्या तासाला सवतीच्या दहा-वीस ओव्या आणि 'मालविकाग्निमित्रा'चा पाचवा अंक शेजारी ठेवून पाहावा. धारिणी, जात्यावरची बाई आणि तेरुओच्या प्रेमात पडलेली बाई, यांपैकी कोण नाही म्हणू शकली असती आणि म्हटल्यावर ती रात्री कुठे झोपली असती, हे विद्यार्थ्यांना विचारावे. काडीमोड कसा होतो, पंच कोण असतात, देज कोण कोणाला परत करते, हे वर्गाला आणि बहुधा शिक्षकालाही ठाऊक नसते. ते त्या मुलींपैकी एखादीला घरून विचारून यायला सांगावे.